खोट्याची वाडी

बदलापुरात आमच्या कात्रपमधल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की समोरच्या गॅलरीतला पोपट आमच्या टीव्हीच्या रिमोटने गप्प बसतो. हे मी बायकोला, म्हणजे मीनाला, दाखवायला गेलो तेव्हा नेमका पोपट झोपलेला होता. त्यामुळे तिचा विश्वास बसला नाही. तिचा एरवीही बसत नाही. विठ्ठलवाडी डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो तेव्हापासून मी घरात आहे, आणि एका माणसाने एका माणसाला किती सांगावं याला काही मर्यादा असते, असं तिचं म्हणणं.

"बाहेर जात जा कुठेतरी," ती म्हणाली. "जिथे लोकांना तुमचं ऐकण्यावाचून इलाज नसेल अशा ठिकाणी."

अशी ठिकाणं दोनच. एक तुरुंग, दुसरं बालगृह. तुरुंगात माझी ओळख नव्हती.

अंबरनाथ पूर्वेला एक लहानसं बालगृह आहे. हरवलेली, घरातून पळालेली, घरच्यांनाच नकोशी झालेली मुलं तिथे येतात आणि घर सापडेपर्यंत किंवा सांभाळणारं कुणी मिळेपर्यंत राहतात. तिथल्या अधीक्षक अनुया मॅडम मूळच्या अकोल्याच्या. बोलणं रोखठोक, मान हलवायची झाली तरी आधी विचार करून हलवणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"पदूकाका, इथे एकच नियम पक्का आहे. मुलांना खोटं आश्वासन द्यायचं नाही. उद्या घरी नेतो, परवा आई येईल, सगळं ठीक होईल, असलं काहीही नाही. त्यांना पुष्कळांनी पुष्कळ सांगून झालंय."

"आणि खोटी गोष्ट?"

"गोष्ट चालेल."

"किती खोटी चालेल?"

"मला मीनाकाकूंचा फोन येऊन गेलाय," त्या म्हणाल्या. "जमेल तेवढीच मारा."

मग मी बस सुरू केली. हॉलमध्ये मुलांना दोन-दोनच्या रांगेत जमिनीवर बसवायचं, भिंतीतल्या लाकडी खुंटीला एक पितळी घंटा टांगलेली, तिची दोरी माझ्या हातात. एक टोला थांबायचा, दोन टोले निघायचे. गाडी बदलापूरहून बारवीमार्गे मुरबाडला. प्रत्येक थांब्याला मी त्या गावची एक हकिकत सांगायची, आणि त्यातली थाप जो पकडेल त्याला खिडकीची जागा. खिडकी म्हणजे खरोखरची खिडकी. पलीकडे पेरूचं झाड होतं, त्यामुळे भाव चांगला होता.

मुलांचे कपडे पाहिलेत तर तुम्हालाही प्रवासाला निघाल्यासारखं वाटलं असतं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधले टेकचंदसेठ जीन्स शिवतात. एका पॅंटचा जरी खिसा चुकला तरी ते तिला दुकानात ठेवत नाहीत, सगळा डिफेक्ट माल बालगृहाला देतात. त्यामुळे एकाचा डावा पाय लांब, दुसऱ्याला पुढच्या बाजूला चार खिसे आणि मागे एकही नाही. सनी नावाच्या तेरा वर्षांच्या पोराच्या पॅंटला तर चेनच गुडघ्याला होती. तो ती दिवसभर उघडझाप करायचा.

हा सनी म्हणजे माझा तिकीट चेकर. "मुळगावच्या पुढच्या चढाला माझा पंच मोडला," मी सांगायचो, "म्हणून मी एक शेतातला खेकडा पाळला. तिकीट पुढे केलं की नांगीने बरोबर भोक पाडायचा. हाफ तिकिटाला लहान नांगी, फुल तिकिटाला मोठी."

"फेकू नका आजोबा," सनी म्हणायचा. "खेकडे को हाफ-फुल कैसे समझेगा?"

"डेपोत ट्रेनिंग असतं."

"थाप," अख्खी बस ओरडायची, आणि सनी गुडघ्याची चेन लावत खिडकीत जाऊन बसायचा.

फक्त एक मुलगी कधी थाप म्हणायची नाही. ती काहीच म्हणायची नाही. नऊ-दहा वर्षांची, सावळी, काटक, केस तेलाशिवाय तांबूस झालेले. शेवटच्या सीटवर, म्हणजे भिंतीला पाठ लावून, बसायची. आपल्याच बाजूच्या एका स्टेशनच्या बाकड्यावर करवंदांच्या रिकाम्या टोपलीसह सापडली होती. कुठल्या स्टेशनच्या ते विचारू नका, मला त्या लायनीने अजून प्रवास करायचाय. नाव नाही, गाव नाही, आईबाप नाही. पोलिसांनी पाठवलेल्या कागदावर 'मुलगी उद्धटपणे बोलते' एवढंच होतं, आणि इथे आल्यापासून ती उद्धटपणेही बोलली नव्हती. हाक मारायला काहीतरी हवं म्हणून मॅडमनी तिला तेजल म्हणायला सुरुवात केली. तेजल म्हटलं की ती मागे वळून पाहायची, दुसरी कुणी तेजल आलीय का ते.

एका गुरुवारी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं.

"तेजलचं मंगळवारी बालकल्याण समितीपुढे आहे. आपल्याकडे थोड्या दिवसांचीच सोय असते, काका. गाव लागलं नाही तर तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या बालगृहात पाठवतील. तिथे चांगलं आहे, शाळा आहे, पण एकदा इथून गेली की मग तिचं घर कोण शोधणार?"

"तुम्ही शोधलंत ना?"

"वांगणीपासून कर्जतपर्यंत सगळीकडे विचारलं. कुठल्या नावाने विचारणार? हिचा फोटो दाखवला तर लोक म्हणतात, आमच्याकडे अशा खूप आहेत."

त्या दिवशी बस काढायला माझं मन नव्हतं. पण गाडी वेळेवर सुटली पाहिजे. चामटोलीला एक टोला दिला आणि तोंडाला आलं ते सांगितलं. दिवस जूनचे, बाजारात शेवळं आलेली. शेवळं म्हणजे डोंगरात उगवणारे जांभळट कोंब, वर्षातून थोडेच दिवस मिळतात, आणि भाजी नीट केली नाही तर घशाला अशी खाज सुटते की माणूस मांजरासारखा बोलायला लागतो. एवढं मला ठाऊक होतं. भाजी मीना करते, मी खातो. आत काय पडतं त्याची चौकशी मी कधी केलेली नाही.

"तर चामटोलीला माझ्या एका मावससासूने," मी म्हणालो, "शेवळांचं शिकरण केलं. केळ्याचं करतात तसंच. दूध, साखर, वेलदोडा. मी पाच वाट्या प्यालो. घसा असा सुटला की परतीच्या गाडीत हॉर्न बंद पडला होता तिथे मीच हॉर्न दिला."

सनी आ वासून बघत होता, कारण उल्हासनगरच्या पोराला शेवळं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. थाप म्हणायला एकही तोंड उघडलं नाही.

आणि मागच्या सीटवरून आवाज आला. "काकडं."

घंटेची दोरी माझ्या हातून सुटली. दारात उभ्या असलेल्या मॅडम आत आल्या. पोरगी मात्र परत मिटून गेली होती, फक्त माझ्याकडे असं बघत होती जसं मी कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरलोय.

"बोलली," मॅडम म्हणाल्या. "काका, ती काकडी मागतेय."

मलाही तसंच ऐकू आलं होतं. माझे कान म्हणजे चाळीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी पिकलेले.

संध्याकाळी तिला काकडी दिली. तिने खाल्ली. अन्नाला ती नाही म्हणायची नाही. शुक्रवारी सकाळी काकडीची कोशिंबीर, दुपारी काकडीचं थालीपीठ. मॅडमनी कौतुकाने टेकचंदसेठना फोन करून सांगितलं, की आमची न बोलणारी मुलगी बोलली. "साईं, क्या बोली?" सेठ म्हणाले. "काकडी मागितली." संध्याकाळी बालगृहाच्या दारात काकड्यांनी भरलेला छोटा हत्ती टेम्पो उभा राहिला. सोबत चिठ्ठी नव्हती, पण एकही काकडी डिफेक्ट नव्हती, यावरून सेठचं मन कळतं. शनिवारी मुलांनी काकडीने क्रिकेट खेळलं. सनीने काकडी गुडघ्याच्या चेनमधून पॅंटमध्ये घातली आणि ती निघेना म्हणून रडला. ती पोरगी दर जेवणाला समोर आलेली काकडी खायची आणि माझ्याकडे तसंच बघायची.

उरलेल्या काकड्या मॅडमनी स्वयंसेवकांना वाटल्या. मी सात किलो घेऊन घरी आलो.

"हे काय?" मीनाने विचारलं.

मी सगळं सांगितलं. शिकरणापासून सांगितलं. मीना बदलापूर गावातलीच, तिचं माहेर बाजारापासून हाकेच्या अंतरावर. ती पिशवी हातात धरून ऐकत राहिली आणि मग तिथेच पाटावर बसून इतकी हसली की समोरचा पोपट जागा झाला.

"अहो, काकडी नव्हे. काकडं."

"तेच ना."

"काकडं म्हणजे लहान आवळ्यासारखी हिरवी आंबट फळं. शेवळांबरोबर घालतात, म्हणजे घसा खाजत नाही. बाजारात शेवळांच्या जुडीसोबत बायका मूठभर काकडं देतातच. एवढी वर्षं खाताय ना माझ्या हातची?" तिने डोळे पुसले. "तुम्ही शिकरण म्हणालात, ते त्या पोरीला सहन झालं नाही. ती तुम्हाला चूक सांगत होती. शेवळं काढणाऱ्यांतली आहे ती. डोंगरातली. इथलीच."

मग तिचं हसू एकदम गेलं. "आणि तुम्ही तिला तीन दिवस काकडी चारताय."

रविवारी सकाळी आम्ही बदलापूरच्या बाजारात गेलो. शेवळं विकणाऱ्या बायकांच्या रांगेत मी एकेकीला विचारलं, की तुमच्या वाडीवरची पोर हरवलीय का. एक म्हणाली, कुठल्या वाडीची? तेच तर हवंय, मी म्हणालो. दुसरी म्हणाली, काकडं तं सगळ्याच वाड्यांवर घालतात बाबा, तू कोनचा? मी बदलापूरचा म्हटल्यावर तिने जुडीमागे दर वाढवून सांगितला.

परत येताना मीना म्हणाली, "विचारून ती बोलणार नाही. मॅडमनी विचारलं, पोलिसांनी विचारलं. ती फक्त चूक दिसली की बोलते. जा आणि थापा मारा. आयुष्यात एकदा तरी त्याचा कुणाला उपयोग होऊ दे. मी पण येते."

त्या दुपारी सुटलेली गाडी माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड. मुलं भरली, मीना पुढच्या सीटवर, मॅडम दारात. मला ठाऊक असलेल्या प्रत्येक थांब्यावर गाडी उभी केली, आणि तिथल्या माणसाला झोंबेल अशी थाप ठेवून दिली. मुळगावच्या लोकांना खेकडे पकडता येत नाहीत, खेकडेच त्यांना पकडतात. सनी म्हणाला थाप. पुढच्या वाडीतले भात उलटं लावतात, मुळं वर. थाप. बारवी धरणाच्या अलीकडे एका पाड्यावर करवंदं इतकी आंबट, की कोल्ह्यांचे दात पडले आणि ते आता कण्या खातात. थाप, थाप. बस हसत होती. शेवटच्या सीटवर भिंतीला पाठ लावून ती बसली होती आणि खिडकीबाहेरचा पेरू बघत होती.

थांबे संपले. पुढे मुरबाड. मुरबाडला टोला देताना हातातली दोरी जड लागली, ही थाप नाही.

"खलास?" सनी म्हणाला. मग त्याने सगळ्यांकडे बघत विचारलं, "आजोबा, तुमचं स्वतःचं गाव कुठलं? जहाँ सब लोग ऐसा फेकते हैं?"

बस हसली. मला सुचलं ते मी बोललो. त्यामागे काही युक्ती नव्हती. तोंड चालू ठेवायची सवय होती एवढंच.

"माझं गाव? बारवीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात. एस्टी जात नाही तिथे. खोट्याची वाडी. सगळे खोटारडे. तिथला कोंबडा संध्याकाळी आरवतो. तिथल्या म्हाताऱ्या शेवळं म्हणून गवत विकतात, आणि..."

"खोट्याची नाय."

ती उभी होती. हात कमरेवर. आवाज बारीक, पण हॉलच्या टोकापर्यंत पोचणारा, डोंगराच्या या बाजूने त्या बाजूला हाक मारायची सवय असलेल्यांचा असतो तसा.

"खुट्याची. आन् आमची आज्जी गवत विकत नाय."

मी दोरी धरून पुढे सरकलो. "कुठची?"

"खुट्याची."

"तेच विचारतोय बाळा, कुठची?"

"खुट्याची."

मॅडम धावत आल्या. "कुठची म्हणाली?"

"तेच तर सांगत नाहीये," मी म्हणालो.

आणि मी पोरीचा चेहरा बघितला. हात कमरेवरून खाली आले. डोळ्यांतलं काहीतरी विझत गेलं, स्टेशनवरचे दिवे एकामागून एक जातात तसं. ती हळूच खाली बसली, भिंतीला पाठ लावली, आणि पाय जवळ ओढून घेतले. हा चेहरा माझ्यापुढे पहिल्यांदाच आला होता, पण तिच्यावर तो पहिल्यांदा आलेला नव्हता. मंगळवारी समिती. आणि आम्ही दोघं शहाणी माणसं तिच्या डोक्यावर उभी राहून कुठची-कुठची करत होतो.

मीना पुढच्या सीटवरून फक्त एक शब्द बोलली. "काकडी."

तेव्हा माझ्या डोक्यात टोला पडला. मी पोरीसमोर खाली बसलो. गुडघे असे वाजले की पेरूवरचे राघू उडाले.

"हे बघ," मी म्हणालो, "माझे कान इंजिनने खाल्लेत. तू बरोबर बोलतेस, मलाच चुकीचं ऐकू येतं. काकडं म्हणालीस तर मी काकडी आणली. सात किलो माझ्या घरी आहे. तू परत एकदा सांग. आणि मी परत कुठची म्हणालो तर मला चापट मार."

ती उठली, माझ्या बाजूने गेली आणि भिंतीतल्या खुंटीवर बोट ठेवलं, जिच्यावर माझी घंटा टांगलेली होती.

"ही काय?"

"खुंटी."

"हिचा बाप काय?"

खुंटीचा बाप. मोठी खुंटी. जमिनीत ठोकतात, गुरं बांधतात.

"खुंटा," मी म्हणालो. "खुटा."

"खुट्याची वाडी," ती म्हणाली, मंद माणसाला सांगतात तशी, एकेक अक्षर वेगळं करून. "आमचे वाडीत बकऱ्यांचे खुटे लई. म्हनून."

मग जे ती इतके दिवस बोलली नव्हती ते सगळं एका दमात आलं. तिचं नाव येसू. आई नाही. बाप वीटभट्टीवर गेला तो इकडे येतच नाही. ती आज्जीकडे, बनूबाईकडे, असते. करवंदं विकायला दोघी बदलापूरला उतरल्या, गर्दीत हात सुटला, आज्जीचं लुगडं समजून ती एका हिरव्या लुगड्यामागे डब्यात चढली आणि लुगडं पुढे भलतंच निघालं. स्टेशनवर साहेबाने विचारलं, कुठची? ती म्हणाली, खुट्याची. साहेब म्हणाला, अगं तेच, कुठची? ती म्हणाली, खुट्याची. साहेबाने टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, उलट बोलते. मग दुसरा साहेब आला. त्यानेही तेच विचारलं.

"मंग मी बोलायचीच बंद झाले," येसू म्हणाली. "सांगून बी इचारतात, तं सांगायचं कशाला?"

अनुया मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं. तिकडे पेरूशिवाय काही नव्हतं.

येसूने माझ्या शर्टाची बाही ओढली. "मना नेशील घरी?"

आता बघा, माझ्यासारख्या माणसाला हो म्हणायला किती वेळ लागतो. खेकड्याला तिकीट पंच करायला लावलेला माणूस मी. जिभेवर नुसता हो नव्हता, बैलगाडी, वाजंत्री आणि वर हेलिकॉप्टर होतं. पण खिडकीपाशी मॅडम होत्या, आणि ही पोर ऐकून घेत होती.

"माहीत नाही," मी म्हणालो. "ते समिती ठरवते. मी उद्या जाऊन तुझी वाडी आहे का एवढं बघून येतो."

"हाय ना," येसू म्हणाली. "मी सांगते ना."

सोमवारी मॅडम आणि मी हेमंतच्या जीपमधून निघालो. हेमंत आमच्या इमारतीतला, शेअर जीप चालवतो. मीनाही बसली. "तुम्ही एकटे गेलात तर वाटेत वाघ भेटल्याचं सांगाल," ती म्हणाली. "साक्षीदार हवा." येसूने सांगितलेल्या खुणांवरून विचारत गेलो. जीप जिथे थांबली तिथून पुढे पायवाट. वाघ भेटला नाही. भेटला असता तर बरं झालं असतं, थोडं बसायला मिळालं असतं.

वाडी होती. डोंगराच्या पोटात, जशी मी सांगितली होती तशीच. दहा-बारा घरं आणि अंगणाअंगणात खुटे. मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी आता काहीही सांगितलं तरी त्यांना दोनदा विचार करावा लागेल. कोंबडा मात्र वेळेवर आरवणारा होता, हे मी मुद्दाम चौकशी करून आलो.

एका खुट्याला टेकून एक म्हातारी कोयत्याने काकडं सोलत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. पण कोयता थांबला.

"बनूबाई तुम्हीच?" मॅडम म्हणाल्या. "येसूच्या आजी?"

"पोर हाय का?" म्हातारीने विचारलं. "का नाय?"

"आहे. आमच्याकडे आहे. बरी आहे, जेवतेय."

बनूबाईने कोयता खाली ठेवला. पदर तोंडाला लावला आणि खुटा दोन्ही हातांनी धरून बसली. मीना तिच्याजवळ जाऊन बसली. पुष्कळ वेळाने म्हातारीने सांगितलं, ती रोज खाली उतरत होती. बाजारात विचारत होती. चौकीवरही गेली होती.

"ते म्हनले, म्हातारे, कुठची? मी म्हनलं, खुट्याची. ते म्हनले, अगो कुठची? मी म्हनलं..."

"कळलं," आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

"मंग ते म्हनले, म्हातारीचं डोकं फिरलंय, घरी सोडा तिला. आन् इचारतात काय, घर कुठं? आता काय सांगू मी?"

मंगळवारी बनूबाई समितीपुढे उभी राहिली, नवं लुगडं, हातात पोरीचा शाळेचा दाखला आणि पदरात बांधलेलं काहीतरी. येसूने दारातूनच तिला बघितलं आणि धावली ती टेबलाखालून. समितीच्या बाई चांगल्या होत्या. पण दोघींची गाठ सुटेना तोवर काम पुढे सरकेना, म्हणून त्यांनी सहज विचारलं, "आजी, कुठच्या तुम्ही?"

"खुट्याची," बनूबाई, येसू, अनुया मॅडम आणि मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. समजावून सांगायला बराच वेळ गेला, आणि मध्ये मला भिंतीवर खुंटी शोधावी लागली. मग त्यांनी येसूला जवळ घेऊन विचारलं. आज्जीकडे राहायचंय का? हो. आज्जी म्हातारी आहे, तिला होईल का? "तिला व्हत नाय तं मी करते," येसू म्हणाली. "बकऱ्या मीच बांधते."

"आणि हे आजोबा कोण? ओळखतेस?"

"हां. ते खोटं बोलतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अनुया मॅडमकडे. मॅडम छताकडे.

"पन बस बरी चालवतात," येसू म्हणाली.

समितीने पोर आजीच्या ताब्यात दिली. अट एकच, बालगृहातर्फे कुणीतरी दर महिन्याला वाडीवर जाऊन पोरीचं जेवणखाण आणि शाळा बघून यायचं. कोण जाईल, असं बाईंनी विचारलं तेव्हा अनुया मॅडमनी विचार न करता मान माझ्याकडे हलवली. ती चढाची पायवाट मी पाहिली होती. पण आता खुट्याची वाडी नाहीच, असं म्हणण्याची सोय राहिली नव्हती.

बाहेर मीना आणि हेमंत जीपपाशी थांबले होते, तिथे बनूबाईने माझा हात धरला. मला वाटलं आता ही रडणार, आणि मी तोंड लहान करून तयारीत राहिलो.

"तू तो शिकरनवाला?"

येसूने सगळं सांगितलं होतं. गवताचंही सांगितलं होतं.

"गोष्ट होती हो ती," मी म्हणालो.

"पाच वाट्या प्यायला म्हने." म्हातारीने पदराची गाठ सोडली. आत एक जाडजूड शेवळाचा कोंब होता, डोंगरातून सकाळी काढलेला. "घे. आमचे वाडीतलं हाय. दूध-साखर नाय आता, तसाच खा. तुझा घसा तं सुटलेला हाय."

मी मीनाकडे बघितलं. मीना हसू दाबत नव्हती. मॅडम, हेमंत, येसू, आणि मला वाटतं समितीच्या बाईसुद्धा खिडकीतून, सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हटलं तर मी खोटा. माणसाला आयुष्यात कधीतरी आपल्या शब्दाला जागावं लागतं. मी कोंब तोडून तोंडात टाकला आणि चावला.

पुढचे दोन दिवस माझ्या घशातून जो आवाज निघत होता त्याला आमच्या समोरचा पोपट उत्तरं देत होता. याला मीना साक्षीदार आहे. ती म्हणते, लग्नानंतर इतके शांत दिवस तिने पाहिले नव्हते, आणि वाडीवरून येताना दर वेळी एक कोंब घेऊन यावा.

बालगृहातली बस दोन दिवस सनीने चालवली. थापा सगळ्या माझ्याच, पण खेकडा त्याने मोठा केला म्हणतात. आता तो खेकडाच स्टिअरिंगवर बसतो. हे मात्र थाप आहे, कारण खेकडा तिरका चालतो, आणि बारवीच्या रस्त्याला तिरकं चालण्याएवढी रुंदी नाही.